होकायंत्र कोठे बसवावे?

काही हौशी माणसे विमान स्वतःच बांधतात. मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ साली ते लोकांना दाखवले.

समजा, कुणी वर-खाली दोन पंखांचे विमान बांधले. त्यात होकायंत्र कोठे बसवावे?

आम्ही होकायंत्राजवळ लोखंडी खिळा धरला. सुई लगेच वळली! विमानात तर इंजिन लोखंडी, पंख तोलणाऱ्या नळ्याही बहुधा पोलादी. तारेतून वाहणारी वीजही सुईला फसवते.

म्हणून आधी भोक पाडू नये. विमानात बसावे, होकायंत्र हाती धरावे. इंजिन चालू करावे, दिवा लावावा. सुई हलली की ती जागा सोडावी. नजरेसमोर, पण लोखंडापासून व तारांपासून दूर अशी जागा घ्यावी. स्क्रू पितळी वापरावेत. मग विमान साऱ्या दिशांना वळवून पाहावे. उरलेली चूक कागदावर लिहून शेजारी लावावी.

बारामतीहून इंदापूर पूर्वेला, सरळ रेषेत सुमारे ४८ किलोमीटर. पूर्ण फेरीचे अंश ३६०. त्यांतले १० चुकले, तर विमान ८ किलोमीटर बाजूला जाईल. ढगात हे कसे कळणार? खाली गाव समजावे, तर उजनीचे पाणी असायचे!