फुकट यूपीआयचे बिल कोणाच्या नावावर?
भाजीच्या गाडीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की स्पीकर ‘दहा रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडतो आणि दहाचे दहाही विक्रेत्याच्या खात्यात पडतात. (स्पीकरचे भाडे बहुधा तोच भरतो, ते वेगळे.) ही किमया तंत्रज्ञानाइतकीच धोरणाची आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये यूपीआय आणले. बँक खात्यातून होणाऱ्या अशा व्यवहारांवरचे दुकानदारांचे शुल्क, म्हणजे एमडीआर, सरकारने १ जानेवारी २०२० पासून शून्यावर आणले. सर्व्हर, फसवणुकीवरची नजर, तक्रारींचा निपटारा हा खर्च मात्र राहिलाच. तो बँका आणि पेमेंट कंपन्या सोसतात. २०२४-२५ साठी केंद्राने छोट्या दुकानदारांकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के प्रोत्साहन म्हणून सुमारे १,५०० कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे बिलाचा एक हिस्सा करदात्याच्या माथी.

शुल्क लावले तर छोटा दुकानदार पुन्हा रोखीकडे वळेल, हा आक्षेप खराच. शिवाय नोटा छापायला आणि वाहून न्यायलाही पैसे लागतात, तेव्हा भाजीवाल्यासाठी अनुदान योग्यच. पण क्रेडिट कार्डावर एमडीआर मुकाट्याने भरणाऱ्या बड्या साखळी दुकानांनाही यूपीआय फुकट का, याचे पटणारे उत्तर मिळत नाही.