सुटा होणारा ध्वजस्तंभ : जोड कोठे आणि कसा असावा

सातारा जिल्ह्यातील बामणोली व तापोळा येथून शिवसागर जलाशयापलीकडील गावांना जाणारा माणूस आजही अनेकदा लाँचनेच जातो. कोयना धरणाच्या फुगवट्याकाठी वसलेल्या या डोंगरी वस्त्यांत ऑगस्ट महिन्यात पावसाची संततधार असते. अशा एखाद्या वस्तीवरील शाळेसाठी तालुक्याच्या ठिकाणी नवा ध्वजस्तंभ घेतला, तर त्याची किंमत हा अडचणीचा भाग राहत नाही; अडचण येते ती वीस फूट लांबीची लोखंडी नळी तेथवर न्यावयाची कशी, ही. लाँचमध्ये ती दोन्ही टोकांकडून बाहेर येते, जीपच्या टपावर बांधली तर घाटाच्या वळणावर समोरच्या वाहनाला लागण्याची भीती असते, आणि शेवटची पायवाट तर ती खांद्यावर घेऊनच चढावी लागते. सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्याच्या पश्चिम भागातही याहून वेगळी स्थिती नाही.

याच शिराळा तालुक्यातील बिळाशी गावाने १९३० च्या जंगल सत्याग्रहात सागाचे झाड तोडून त्याचाच ध्वजस्तंभ केला होता. तेथे स्तंभ रानातूनच आला, त्यामुळे वाहतुकीचा प्रश्न उद्भवला नाही. आजचा स्तंभ बाजारातून येतो. तो मधोमध कापून दोन भागांत न्यावा आणि जागेवर जोडावा, ही कल्पना कोणाही सरपंचाला किंवा मुख्याध्यापकाला सहज सुचेल. कापणे हे पाच मिनिटांचे काम आहे. परंतु कापलेली नळी पुन्हा पूर्वीइतकी भरवशाची होणे हे सर्वस्वी जोडावर अवलंबून असते, आणि नेमक्या याच ठिकाणी बहुतेक वेळा चूक होते.

बोअरची नळी आणि ध्वजाची नळी

ही चूक समजण्यासाठी दूर जावयास नको. माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांत कूपनलिकेत पंप सोडताना पाईपच्या लांब्या एकामागून एक आट्यांनी जोडत खाली उतरविल्या जातात, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. शेकडो फूट पाईप, त्यातील पाणी आणि खाली लटकलेली मोटार यांचा भार ते आटे वर्षानुवर्षे पेलतात. तेव्हा ध्वजस्तंभाचे दोन तुकडेही टोकांना आटे पाडून सॉकेटने जोडावेत, असे गावातील फिटरने सुचविले तर त्यात नवल नाही.

मात्र दोन्ही ठिकाणच्या भाराची जात निराळी आहे. कूपनलिकेतील पाईप लटकत असतो. त्याला ताण बसतो आणि तो नळीच्या सर्व परिघावर सारखा वाटला जातो. ध्वजस्तंभ जमिनीत एका टोकाने रोवलेला असतो आणि वारा त्याला वाकवू पाहतो. वाकताना वाऱ्याकडील बाजू ताणली जाते, विरुद्ध बाजू दाबली जाते, आणि हा ताण परिघाच्या लहानशा भागावर एकवटतो. दोन इंची मध्यम वर्गाच्या नळीचा बाहेरील व्यास सुमारे ६० मिलिमीटर व पत्र्याची जाडी ३.६ मिलिमीटर असते. आटे पाडताना त्यांपैकी जवळजवळ दीड मिलिमीटर जाडी खरवडली जाते. उरते दोनच्या आसपास. म्हणजे जेथे बळकटी हवी नेमक्या तेथेच नळी चाळीस टक्क्यांनी पातळ झाली. शिवाय आट्यांची खाच ही चीर सुरू होण्यास सोयीची जागा असते. वारा दिशा बदलतो, स्तंभ हेलकावे खातो, जस्ताचा मुलामा निघालेल्या खाचेत पाणी मुरते आणि गंज चढतो. असा स्तंभ बसविल्या दिवशी पडत नाही. तो तीन-चार पावसाळ्यांनंतर, बाहेरून धडधाकट दिसत असतानाच, सॉकेटच्या काठाशी मोडतो. धोका नेमका यातच आहे, कारण स्तंभाभोवती त्या वेळी मुले उभी असू शकतात.

वाऱ्याचे गणित

जोड कोठे असावा, याचे उत्तर साध्या गणितातून मिळते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. हा जोर स्तंभाच्या सबंध उंचीवर पडतो, आणि ध्वजाची ओढ शेंड्याशी लागते. दोहोंचा एकत्रित परिणाम, म्हणजे वाकविणारे परिबल, बुडाशी सर्वांत अधिक व शेंड्याशी शून्य असते. केवळ खांबावरील वारा विचारात घेतला तर मध्यावरील परिबल बुडाच्या एक-चतुर्थांश भरते. केवळ ध्वजाची ओढ घेतली तर ते निम्मे भरते. प्रत्यक्षात ते या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी राहील. उलट जोड खालच्या एक-तृतीयांश उंचीवर घेतला, तर त्यावर बुडाच्या सुमारे ४४ ते ६७ टक्के परिबल येते.

आता जोडाच्या बळाकडे पाहू. दोन इंची नळीच्या आत दीड इंची नळी घालून जोड केला, तर या आतील नळीची वाकण्याला विरोध करण्याची शक्ती बाहेरील नळीच्या सुमारे ५६ टक्के असते. मध्यावरील निम्म्याहून कमी परिबलाला ती पुरून उरते; खालच्या एक-तृतीयांशावर ती अपुरी पडू शकते. म्हणून जोड मोकळ्या उंचीच्या मध्यावर किंवा त्याच्या वर असावा, खाली कदापि नसावा. वाहतुकीसाठी दोन भाग समान लांबीचे असले की बरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि सहा मीटरच्या नळीचे खालचे ६० सेंटिमीटर बुडाच्या चौकटीत अडकणार असतील, तर मोकळी उंची ५.४ मीटर राहते. अशा वेळी खालचा तुकडा ३.३ मीटरचा व वरचा २.७ मीटरचा घेतला म्हणजे जोड बरोबर मध्यावर येतो. सबंध नळीचे वजन तीस किलोच्या घरात असते. तुकडे केल्यावर प्रत्येक भाग एकटा माणूस उचलू शकतो आणि दोन्ही भाग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बऱ्याच अंशी मावतात.

जोडाची घडण

आतील नळी साठ सेंटिमीटर लांबीची घ्यावी. तिचा निम्मा भाग खालच्या तुकड्यात कायमचा बसवावा आणि निम्मा वर उघडा ठेवावा. वरचा तुकडा त्यावर टोपीसारखा उतरतो. कौले शाकारताना वरचे कौल खालच्यावर चढवितात, त्याचप्रमाणे येथे वरची नळी बाहेरून आल्यामुळे पावसाचे पाणी जोडात न शिरता ओघळून जाते. तीस सेंटिमीटर हा शिरकाव नळीच्या व्यासाच्या पाचपट होतो. तो कमी करण्याचा मोह टाळावा. कुदळीचे नेढे उथळ असेल तर दांडा किती लवकर खिळखिळा होतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

बाजारातील नळ्या मात्र एकमेकींत नेटक्या बसतील अशा मापाने केलेल्या नसतात. दोन इंची नळीचा आतील व्यास सुमारे ५३ मिलिमीटर, तर दीड इंची नळीचा बाहेरील व्यास ४८ मिलिमीटर. ही जवळजवळ पाच मिलिमीटरची फट तशीच ठेवली तर स्तंभ जोडाशी वाकडा उभा राहील व वाऱ्यात खडखडेल. यासाठी आतील नळीवर चार लोखंडी कडी बसवावीत, प्रत्येक तुकड्यात दोन : एक तोंडाजवळ व एक खोल टोकाशी. वाकविणारा जोर या दोन कड्यांवरच टेकतो, त्यामुळे मधली फट भरण्याची गरज नसते. कडी लेथवर कातून हाताने सरकतील इतकी बेताची ठेवावीत. दोन इंची नळीच्या आतील बाजूस जोडशिवणीची उंच रेघ असते. ती कानसेने काढली नाही तर कडे अर्ध्यावर अडकते आणि मग हातोडा चालतो.

निसर्गाने हीच युक्ती वेळूत केली आहे. चैत्र पौर्णिमेला सातारा तालुक्यातील पाडळी, पाटण तालुक्यातील विहे, मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथून मानाच्या सासनकाठ्या वाडी रत्नागिरीच्या जोतिबाकडे जातात. ते उंच वेळू दोरांच्या आधाराने नाचविले जातात, कमानीसारखे वाकतात, पण चेपत नाहीत. पोकळ नळी मोडते ती बहुधा आधी चपटी होऊन, आणि वेळूची पेरे आतून तिला चपटी होऊ देत नाहीत. जोडाच्या तोंडाजवळील कडे स्तंभासाठी हेच काम करते.

खालच्या तुकड्यात आतील नळी पक्की करण्यासाठी तुकड्याच्या तोंडाशी वेल्डिंग करू नये, कारण तेथे आलेला उंचवटा वरच्या नळीला नीट टेकू देत नाही. तोंडापासून पंचवीस सेंटिमीटर खाली दोन-तीन भोके पाडून त्यांतून वेल्डिंग भरावे. जस्त चढविलेली नळी तापली की तिच्यातून निघणारा धूर वेल्डरच्या प्रकृतीस घातक असतो. त्या जागेवरील जस्त आधी घासून काढावे, काम उघड्यावर करावे आणि नंतर तेथे जस्तयुक्त रंग द्यावा. वरचा तुकडा फिरू नये किंवा उचलला जाऊ नये म्हणून एक आरपार बोल्ट पुरेसा होतो. त्याचे भोक जोडाच्या तोंडाजवळ न घेता वीस सेंटिमीटर वर घ्यावे. एका तालुक्यातील अनेक शाळांचे स्तंभ एकाच कारखान्यात होणार असतील, तर भोके एकाच साच्याने पाडावीत. नाहीतर एका शाळेचा वरचा तुकडा दुसऱ्या शाळेत जातो आणि १४ ऑगस्टच्या संध्याकाळी भोके जुळत नाहीत.

बुडाशी काँक्रीटमध्ये रोवलेल्या दोन लोखंडी चॅनेलची चौकट करून स्तंभ तीत उभा करावा. खालचा बोल्ट बिजागरीचे काम देतो. वरच्या टोकाशी मात्र नळीला भोक न पाडता आडव्या पट्टीवर यू-बोल्टने ती आवळावी, कारण सर्वाधिक परिबल तेथेच येते. पाणी साठू नये म्हणून नळीच्या अगदी बुडाशी एक लहान छिद्र ठेवावे.

विजेच्या तारा

सुट्या स्तंभाचा सर्वांत मोठा लाभ वाहतुकीपेक्षाही सुरक्षिततेचा आहे, तो मिळवावयाचा असेल तर. ध्वजारोहणाच्या तयारीत लोखंडी खांब उभा करताना तो विजेच्या तारेला लागून माणसे दगावल्याची वृत्ते देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली आहेत. सहा मीटरची नळी हातात उभी धरून चालणाऱ्याचे लक्ष पायांखालच्या वाटेकडे असते, तारेकडे नसते. तीन मीटरच्या तुकड्याने हा धोका पुष्कळ कमी होतो. मात्र जागा निवडताना, स्तंभ कोणत्याही दिशेने पडला तरी तारेपासून दूरच राहील इतके अंतर प्रथम मोजून घ्यावे. हे अंतर स्तंभाच्या उंचीच्या दीडपट धरणे इष्ट होय. शाळेच्या आवारातून वीजवाहिनी जात असेल, तर स्तंभाची जागा बदलावी. जोडणी आडव्या स्थितीत, प्रौढ व्यक्तींनी करावी आणि उभारणीच्या वेळी विद्यार्थ्यांना दूर ठेवावे. ध्वज स्तंभाला आडव्या स्थितीत बांधू नये, कारण तो जमिनीला लागता कामा नये, असे २६ जानेवारी २००२ पासून अमलात आलेली भारतीय ध्वजसंहिता सांगते. स्तंभ उभा राहून कप्पीतील दोरी मोकळी फिरते याची खात्री झाल्यावरच ध्वज दोरीला लावावा. अशा स्तंभाला संहितेतील ९०० × ६०० मिलिमीटर मापाचा ध्वज योग्य. त्याहून मोठ्या ध्वजाची ओढ शेंड्याशी वाढते व वर मांडलेले गणित बदलते.

कार्यक्रमानंतर स्तंभ उतरवून ठेवावयाचा असल्यास आतील नळीचा उघडा भाग पुसून त्यावर ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि त्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवावा. वरच्या तुकड्याच्या तोंडात लाकडी बुच ठोकावे, कारण पडवीत आडव्या पडलेल्या उघड्या नळीत गांधीलमाश्या घर करतात. आरपार बोल्ट नटासह त्याच्याच भोकात अडकवून ठेवला म्हणजे पुढील वेळी शोधावा लागत नाही.