तेलाच्या खडकातील आडपडदे



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने खनिज तेलावर बोलावे, याचे आपणांस आश्चर्य वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आम्हांला विज्ञान मायबोलीतूनच समजावून दिले. त्या ऋणाची ही अल्पशी फेड.

निपाणी परिसरातील काळ्या खडकाचा अनुभव आपणांपैकी अनेकांना असेल. आमच्या मळ्यातील विहिरीला ऐन उन्हाळ्यातही पाणी असे. तिच्यापासून तीस पावलांवर माझ्या चुलत्यांनी दुसरी विहीर खणली. ती कोरडी निघाली. दोहोंच्या मध्ये पाणी न पाझरणाऱ्या खडकाची उभी भिंत होती, हे पुढे एका जाणकाराने दाखविले.

असाच प्रश्न मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखाली, फार मोठ्या प्रमाणावर उभा आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तेथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. बॉम्बे हाय, आजचे मुंबई हाय, ते हेच. तेलाचे भूगर्भात तळे असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नव्हे. भिजलेल्या विटेत पाणी असावे, तसे तेल तेथील चुनखडकाच्या सूक्ष्म छिद्रांत असते. मुख्य साठ्यात चुनखडकाचे अनेक थर एकावर एक असून, त्यांच्यामध्ये शेल या चिकणमातीपासून बनलेल्या घट्ट खडकाचे पातळ पडदे आहेत.

साठ्यातील दाब उतरू लागला की विहिरींवाटे त्यात पाणी दाबून भरतात. पाण्याने तेल पुढे ढकलावे, ही अपेक्षा. पण पाणी सोपी वाट धरते. मोकळ्या थरातून ते थेट उत्पादक विहिरीत येते आणि पडद्यापलीकडील घट्ट थरातले तेल जागच्या जागी राहते. जगभरच्या साठ्यांतून सरासरीने जेमतेम एक तृतीयांश तेल वर येते, त्यामागे असे अडसर हे एक मोठे कारण आहे.

या पडद्यांचा नकाशा काढावा कसा? विहिरीत उपकरण सोडून खडकाचा नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजतात. शेलमध्ये तो सहसा अधिक असतो. एका विहिरीतील शेलचा थर शेजारच्या विहिरींतील थराशी जुळवून पाहतात. मग थराथराचा दाब तपासतात. दोन विहिरींतील दाब बरोबरीने उतरला तर वाट मोकळी. एकीत उतरला व दुसरीत टिकला, तर मध्ये अडसर असण्याचा संभव. भूकंपीय लहरींच्या सर्वेक्षणात मोठे भ्रंश दिसतात, पातळ पडदे बहुधा निसटतात; म्हणून साऱ्या पुराव्यांचा मेळ घालावा लागतो. २००० नंतरच्या पुनर्विकासात जुन्या विहिरींना नव्या शाखा फोडून, आडव्या विहिरी खणून, मागे राहिलेल्या तेलापर्यंत पोहोचण्याचे प्रयत्न झाले.

पडदा नेहमीच वैरी नसतो. वरचा वायू आणि खालचे पाणी तेलविहिरीत शिरण्यापासून तोच रोखतो. घात करतो तो न ओळखलेला पडदा.

आपला देश ऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. अशा वेळी नवे साठे शोधण्याइतकेच, सापडलेल्यातून अधिकाधिक काढणे मोलाचे ठरते. चुलत्यांनी ती विहीर कर्ज काढून खणली होती. ते फेडण्यात त्यांची बारा वर्षे गेली. खालचा खडक आधी समजला असता, तर त्यांनी तीच विहीर भिंतीच्या अलीकडे खणली असती.