दुकानाची रंगीत तालीम

बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानदाराला दुकानाची मांडणी बदलायची असली म्हणजे तो काय करतो? रात्री फळ्या लावून घेतो. आत दिवा लावून डबे हलवतो, नवी पाटी ठोकतो, तराजूची जागा बदलतो. त्यात एखादा डबा सांडला, पाटी वाकडी लागली, तरी बाहेर कोणाला पत्ता नसतो. सकाळी फळ्या निघतात तेव्हा गिऱ्हाइकाला दिसते ते झाडून पुसून सजवलेले दुकान.

इंटरनेटवरच्या दुकानाला फळ्या नसतात. ते रात्री दोन वाजताही उघडे असते. त्यामुळे तिथे काही बदलायचे, तर गिऱ्हाईक समोर उभे असतानाच बदलावे लागेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती समजूत खरी नाही. गिऱ्हाइकाला कळू न देता नवी मांडणी आधी आपली आपण पाहण्याची सोय या दुकानांतही असते. इंग्रजी शब्द आहे 'प्रिव्ह्यू'. आपल्या नाटकवाल्यांचा शब्द त्याहून नेमका आहे: रंगीत तालीम. तोंडाला रंग, अंगावर पोशाख, सगळे खऱ्यासारखे. फक्त तिकीट काढून आलेला प्रेक्षक तेवढा समोर नाही.

मी वाणिज्य शाखेत शिकवतो. हा विषय मला पुस्तकातून आधी कळायला हवा होता. कळला तो फजितीतून, तेव्हा ती आधी सांगतो.

आमच्या गावी बायकांचा एक बचत गट आहे. आमसुले, आंबापोळी, फणसपोळी आणि गणपतीच्या आधी मोदकाची पिठी असा त्यांचा माल. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइके फोनवरून मागणी करत, म्हणून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना ऑनलाइन दुकान काढून दिले. २०२२ साली चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. त्याआधीच्या २० तारखेला, शनिवारी रात्री, तो मला म्हणाला, "सर, सणाची मोठी पाटी लावतो वर. झेंडूची फुलं, गणपती, दहा टक्के सवलत." माझ्यासमोर कॉम्प्युटरवर त्याने ती चालू दुकानावरच लावली. दिसायला झकास! मी म्हटले, "राहू दे, छान आहे." झाले.

रविवारी एकही ऑर्डर नाही. सोमवारीही नाही. बायका म्हणू लागल्या, यंदा लोकांनी पिठी तिकडेच घेतली असणार. मंगळवारी सकाळी डोंबिवलीहून एका बाईंचा गटाच्या प्रमुख ताईंना फोन आला, "अहो ताई, पिठी हवीय मला, पण तुमचं बटणच सापडत नाही हो!" मग उजेड पडला. कॉम्प्युटरच्या रुंद पडद्यावर ती पाटी वरच्या वर राहत होती. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ती खाली घसरून नेमकी 'कार्टमध्ये टाका' या बटणावर बसली होती. आणि गटाची जवळजवळ सगळी गिऱ्हाइके मोबाइलवरूनच येणारी. दुरुस्ती पाच मिनिटांत झाली. पण पार्सल वेळेवर पोचायचे असेल, तर ऑर्डर येण्याचे दिवस तेच होते. चाळीस किलो पिठी उरली. आमसूल वर्षभर टिकते हो, मोदकाच्या पिठीला चतुर्थीनंतर विचारतो कोण? शेवटी ती बायकांनी घरोघर वाटून घेतली. मला कोणी बोलले नाही. बोलले असते तर बरे वाटले असते.

आता या तालमीची सोय कशी असते ते पाहू. आपल्याकडे लहान विक्रेत्यांत दोन व्यवस्था पुष्कळ दिसतात. एक 'शॉपिफाय' नावाची. ही कॅनडातल्या ओटावा शहरातली कंपनी. फळ्यांवरून आठवले: तिच्या संस्थापकांनी २००४ साली आधी बर्फावरून घसरण्याच्या फळ्या विकायचे दुकान इंटरनेटवर काढले. त्यासाठी स्वतः लिहिलेली व्यवस्थाच पुढे, २००६ पासून, ते इतर दुकानदारांना देऊ लागले. दुसरी व्यवस्था म्हणजे वर्डप्रेसवर चालणारी 'वूकॉमर्स', २०११ सालापासूनची.

शॉपिफायमध्ये दुकानाच्या दर्शनी रूपाला 'थीम' म्हणतात. लोकांना दिसते ती थीम एका वेळी एकच. पण कपाटात आणखी पोशाख ठेवावेत तशा इतर थीम बाजूला ठेवता येतात. करायचे एवढेच, की चालू थीमची नक्कल काढायची आणि सगळे बदल त्या नकलेत करायचे. 'प्रिव्ह्यू' दाबले, की नव्या पोशाखातले दुकान आपल्याला दिसते. त्याचा दुवा दुसऱ्या कोणाला पाठवून त्याच्या फोनवरही ते पाहता येते. मनासारखे झाले की 'पब्लिश' करायचे. जुनी थीम पुसली जात नाही, ती कपाटात जाऊन बसते. नवीत खोट निघाली तर जुनी पुन्हा अंगावर चढवता येते. आम्ही त्या शनिवारी एवढे केले असते तरी पुरे होते.

पण इथे एक खड्डा आहे, आणि त्यात शहाणी माणसेही पडतात. तालमीत पोशाख तेवढा वेगळा असतो, माल तोच असतो. थीमची नक्कल निघाली म्हणजे वस्तूंची, किमतींची, शिल्लक मालाची नक्कल निघाली असे नव्हे. आपण प्रिव्ह्यू पाहत बसलो आहोत आणि मधेच पिठीची किंमत १२० ची १०० केली, तर ती त्याच क्षणी खऱ्या दुकानातही १०० होते. टपालखर्चाचेही तेच. म्हणून नवी वस्तू घालताना ती आधी 'ड्राफ्ट', म्हणजे कच्चा खर्डा, म्हणून ठेवावी. ती गिऱ्हाइकाला दिसत नाही. सवलतीला सुरू होण्याची तारीख आणि वेळ घालून ठेवावी. चालू मालाची किंमत बदलायची असेल तेव्हा मात्र तालीम नाही, तिथे थेट प्रयोगच आहे हे ध्यानात ठेवून आकडा दोनदा वाचावा.

किमतीचा आकडा काय करू शकतो याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. झापोस ही जोडे विकणारी मोठी कंपनी 'सिक्स-पीएम' नावाचे दुसरे एक ऑनलाइन दुकान चालवी. २०१० सालच्या मे महिन्यात तिथे किंमत ठरवण्याच्या नियमात चूक शिरली, आणि मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत दुकानातली कोणतीही वस्तू ४९ डॉलर ९५ सेंटपेक्षा महाग राहिली नाही. शेकडो डॉलरांचा मालही त्याच भावात! चूक कळली तेव्हा दुकान काही काळ बंद करून ती निस्तरावी लागली. त्या सहा तासांत सोळा लाख डॉलरांहून अधिक नुकसान झाले. झालेले सौदे कंपनीने पाळले, हे तिला भूषणावह खरे. परंतु ती कंपनी मोठी होती. २०१४ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये आपोआप किमती बदलणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या चुकीने, अॅमेझॉनवर माल विकणाऱ्या कित्येक लहान व्यापाऱ्यांच्या वस्तू तासभर एकेका पेनीला विकल्या गेल्या. त्यात घरगुती धंदे होते. त्यांना असले भूषण परवडणारे नव्हते.

वूकॉमर्सच्या दुकानात रीत थोडी निराळी. तिथे सबंध दुकानाचीच दुसरी प्रत वेगळ्या पत्त्यावर उभी करतात. तिला 'स्टेजिंग' म्हणतात. पुष्कळ होस्टिंग कंपन्या ही प्रत एका बटणावर काढून देतात. इथे किमतीदेखील बिनधास्त बदलून पाहता येतात, कारण मालाची यादीही प्रतीतलीच. मात्र या सोयीबरोबर दुसरे धोके येतात. समजा, सोमवारी प्रत काढली, चार दिवस तिच्यावर काम केले आणि शुक्रवारी ती जशीच्या तशी खऱ्या दुकानावर चढवली. मधल्या चार दिवसांत खऱ्या दुकानात आलेल्या ऑर्डरी कुठे गेल्या? पुसल्या गेल्या! प्रतीला त्यांची खबरच नव्हती. म्हणून प्रतीतून फक्त मांडणीच्या फायली वर न्याव्यात, नाहीतर केलेले बदल टिपून ठेवून खऱ्या दुकानात हाताने पुन्हा करावेत. दुसरे असे, की प्रतीत खऱ्या गिऱ्हाइकांचे पत्तेही उतरलेले असतात. तिथे परीक्षेसाठी काही खटपट केली आणि 'आपला माल रवाना झाला' अशी पत्रे खऱ्या माणसांना गेली, तर त्यांनी काय समजावे? तेव्हा प्रतीतून ईमेल जाणे बंद करावे, आणि प्रतीला पासवर्डचे कुलूप लावावे. नाहीतर गूगलवरून एखादे गिऱ्हाईक त्या तालमीच्या दुकानातच शिरायचे.

बरे, प्रिव्ह्यू उघडला, पाहायचे काय? बहुतेक जण पहिले पान पाहतात, रंग पाहतात आणि खूश होतात. (मीही झालो होतो.) गिऱ्हाईक रंग पाहायला येत नाही, वस्तू घ्यायला येते. म्हणून एक वस्तू निवडून ती कार्टमध्ये टाकावी, पत्ता लिहावा, टपालखर्च बरोबर लागतो का पाहावे, पैसे भरण्यापर्यंत जावे. पैसे घेणाऱ्या सेवांमध्ये बहुधा 'टेस्ट मोड' असतो. त्यात खोटा व्यवहार करता येतो, खरे पैसे हलत नाहीत. पण तो मोड खऱ्या दुकानावर चालू राहिला तर गिऱ्हाइकाचेही पैसे येत नाहीत, म्हणून काम झाल्याबरोबर बंद करावा. साधा उपाय हवा असेल तर दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू आपणच विकत घ्यावी आणि मग ऑर्डर रद्द करावी. हे सारे मोबाइलवर करावे, आणि वायफाय बंद करून. आपल्या फोनमध्ये जुनी पाने साठून राहतात, शिवाय मालक म्हणून आपण आत शिरलेलो असतो, तेव्हा गिऱ्हाइकाला दिसते ते आपल्याला दिसेलच असे नाही. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून पाहावे.

शिक्षकबंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. शाळेत याचा चांगला पाठ होतो. एका विद्यार्थ्याच्या हाती फोन द्यावा, "या दुकानातून अर्धा किलो आमसूल घे" असे सांगावे, आणि बाकीच्यांनी न बोलता त्याचे बोट कुठे अडते ते पाहावे. न बोलणे फार अवघड जाते. मांडणी ज्याने केली तो तर सारखा सांगू पाहतो, "अरे, तिथे नाही, खाली बघ!" गिऱ्हाइकाच्या शेजारी असे सांगणारा कोणी नसतो.

एवढे करूनही लोकांना नवी मांडणी आवडेल की नाही, हे प्रिव्ह्यू सांगत नाही. मोठी दुकाने त्यासाठी काही गिऱ्हाइकांना जुने रूप व काहींना नवे रूप दाखवून विक्रीची तुलना करतात. दिवसाला दहा ऑर्डरी येणाऱ्या दुकानाला त्यातून काही कळत नाही. त्याने त्या फंदात पडू नये.

आमच्या गटाने आता रीत घालून घेतली आहे. सणाची मांडणी महिनाभर आधी नकलेत तयार होते. तिचा दुवा प्रमुख ताईंच्या सासूबाईंकडे जातो. वय सत्तरीच्या पुढे, फोन जुना, काच तडकलेली. त्यांनी न विचारता आंबापोळी कार्टमध्ये घातली, की मगच माझा विद्यार्थी 'पब्लिश' दाबतो, तेही सकाळी, म्हणजे दिवसभर कोणीतरी लक्ष ठेवायला असते. मागच्या खेपेस आजी पिठीच्या पानावर अडल्या. म्हणाल्या, "हे वर अर्धा किलो लिहिलंयस आणि खाली एक किलो. मी पैसे नक्की कशाचे देत्ये?" ते वाक्य आम्ही तिघांनी चार वेळा वाचून बरोबर ठरवले होते.