शाळेचा माध्यमसंग्रह : काय ठेवावे, काय टाळावे

शाळेत संगणक, प्रोजेक्टर आणि एखादी हार्ड डिस्क आली, की लगेच प्रश्न येतो : या डिस्कवर ठेवायचे काय? हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव. तालुका कोणताही घ्या, ऐन तासाला इंटरनेट चालेलच याचा भरवसा नसतो. म्हणून शिक्षक घरूनच चित्रफिती, ध्वनिफिती आणि पुस्तके उतरवून आणतात. सवय चांगली आहे. पण त्याच डिस्कवर कोणीतरी मोबाइलवर पाठवलेली अख्ख्या कादंबरीची पीडीएफ असते, पेनड्राइव्हवरून आलेला चित्रपट असतो आणि ‘क्रॅक’ केलेले एखादे सॉफ्टवेअरही असते. यांतले काय ठेवावे, काय ठेवू नये आणि का, हे आपण पाहू.

नक्कल इतकी सोपी का झाली?

कॅसेटवरून कॅसेट भरली की आवाजात खरखर वाढत असे. दुसऱ्या कॅसेटवरून तिसरी भरली की ती आणखी वाढे. चुंबकीय फितीवर ध्वनिलहरीचा आकारच उमटवलेला असतो आणि प्रत्येक नकलेत तो थोडा बिघडतो. अंकीय नोंदीत लहरीऐवजी आकडे असतात. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे मोजमाप घेतलेले असते. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे आणि वाहिन्या दोन. म्हणजे सेकंदाला ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट. एका तासाचे होतात सुमारे ६३५ मेगाबाइट. आकड्यांची नक्कल करताना २ चे ३ होत नाहीत, म्हणून शंभरावी प्रतही पहिलीसारखीच असते.

एमपी३ पद्धतीत कानाला जाणवणार नाहीत असे तपशील गाळून हीच नोंद लहान करतात. सेकंदाला १,२८,००० बिट धरले तर एक तास सुमारे ५८ मेगाबाइटमध्ये मावतो. या हिशेबाने एक टेराबाइटच्या डिस्कवर सतरा हजार तासांहून अधिक ध्वनी राहील. अहोरात्र ऐकला तरी तो संपायला जवळजवळ दोन वर्षे लागतील. तेव्हा अडचण जागेची नाही, निवडीची आहे.

एका अभंगावर किती हक्क?

हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचे अभंग सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे, त्यामुळे त्यांच्या शब्दांवर आज कोणाचाही हक्क नाही. वर्गात वाचा, फळ्यावर लिहा, छापून वाटा. पण त्याच अभंगाला आजच्या संगीतकाराने चाल दिली, तर त्या चालीवर संगीतकाराचा हक्क असतो. ती गाऊन ध्वनिमुद्रित केली, तर मुद्रणावर निर्मात्याचा वेगळा हक्क असतो आणि गायकाचेही काही हक्क असतात. संपादकाने त्यावर प्रस्तावना व टीपा लिहिल्या, तर तेवढ्या मजकुरावर त्याचा हक्क असतो. म्हणजे ‘अभंग जुना आहे’ एवढ्यावरून त्याची फाइल मोकळी ठरत नाही.

हे हक्क कायमचे नसतात. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली वारले. १ जानेवारी १९५१ पासून साठ वर्षे मोजली, की १ जानेवारी २०११ पासून त्यांचे लेखन सर्वांसाठी मोकळे झाले. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांची साठ वर्षे मात्र प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. हा हिशेब आठवी-नववीची मुलेही करू शकतात.

कायदा शिक्षकाला काय देतो?

पुष्कळ शिक्षकांची समजूत असते, की कायदा फक्त ‘नाही’ म्हणतो. तसे नाही. या कायद्याचे ५२वे कलम शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला मजकुराची नक्कल करू देते. प्रश्नपत्रिकेत उतारा घेता येतो. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, कर्मचारी व पालक एवढ्याच प्रेक्षकांना चित्रपट दाखवता येतो. नफा न मिळवणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला, भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती स्वतःच्या वापरासाठी काढता येतात. कित्येक चांगली मराठी पुस्तके आज बाजारात मिळत नाहीत, म्हणून ही तरतूद महत्त्वाची आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली शिकवण्यापुरत्या नकलेच्या बाजूनेच निर्णय दिला.

पण सवलत कामापुरती आहे. धड्यासाठी चार पाने काढणे वेगळे आणि अख्खे पुस्तक तालुक्यातल्या सगळ्या गटांवर पाठवणे वेगळे. समजा, एका पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती निघाली आणि खर्च भरून यायला सातशे प्रती खपाव्या लागतात. फुकट पीडीएफमुळे चारशे गिऱ्हाइके कमी झाली, तर दुसरे पुस्तक काढताना प्रकाशक दहादा विचार करील. मोठ्या भाषेत हा धक्का पचतो, आपल्या भाषेत पचणे अवघड जाते.

शिक्षेचेही पाहू. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. त्यात व्यापारी फायदा नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाही वेगळा गुन्हा आहे.

चोरीच्या फाइलीतला खरा धोका

व्यवहारात पोलिसांपेक्षा मोठा धोका फाइलीतच असतो. विकत घ्यायचे सॉफ्टवेअर सुरू होताना परवाना तपासते. ‘क्रॅक’ म्हणजे ही तपासणी वगळण्यासाठी मूळ प्रोग्रॅममध्ये केलेला फेरफार. तो कोणी केला, आणखी काय बदलले, हे आपल्याला कळत नाही. सोबतच्या सूचनेत बहुधा ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे सांगितलेले असते. म्हणजे अनोळखी माणसाला घरात घेण्यापूर्वी आपणच राखणदाराला सुट्टी देतो. त्याच संगणकावर मुलांच्या नोंदी, निकाल आणि शाळेचे पासवर्ड असतात.

दुसरी युक्ती नावाची. फाइलीचे नाव ‘चित्रपट.एमपी४.ईएक्सई’ असते. विंडोज मूळ मांडणीत शेवटचे ओळखीचे टोपणनाव लपवते, त्यामुळे आपल्याला फक्त ‘चित्रपट.एमपी४’ दिसते. आपण चित्रपट म्हणून उघडतो आणि प्रोग्रॅम चालू होतो. हे टाळण्यासाठी फाइलींची पूर्ण नावे दिसतील अशी मांडणी करून घ्यावी.

तिसरा धोका जुनेपणाचा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद केले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. पकडले जाण्याच्या भीतीने चोरीची विंडोज वापरणारे अनेकजण अशा दुरुस्त्या घेणे बंद ठेवतात. मग ती फट तशीच राहते.

मोफत आणि मुक्त

मग चांगले साहित्य आणायचे कुठून? येथे दोन शब्द वेगळे ठेवू. ‘मोफत’ म्हणजे वाचायला पैसे पडत नाहीत. ‘मुक्त’ म्हणजे नक्कल करून वाटण्याचीही परवानगी आहे. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो, बालभारती व एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके मोफत उतरवता येतात. पण तेवढ्यावरून ती छापून विकता येत नाहीत. मराठी विकिपीडियाचा मजकूर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली मुक्त आहे : श्रेय द्या आणि बदल केलात तर तेही त्याच अटींवर वाटा. विकिस्रोतावर हक्काची मुदत संपलेली मराठी पुस्तके आहेत. सॉफ्टवेअरसाठी लिनक्स, लिब्रेऑफिस आणि व्हीएलसी आहेत. त्यांना क्रॅक लागतच नाही.

आपल्या जिल्ह्याला जवळचे उदाहरण गुरुत्वीय लहरींचे आहे. औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर प्रथम टिपली. तिची कंप्रता सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात सुमारे ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढली. ही मर्यादा आपल्या कानाच्या टप्प्यातली आहे, म्हणून ती लहर स्पीकरवर ऐकता येते. ती मोजमापे मुक्त स्वरूपात जाहीर केलेली आहेत. ३२ सेकंदांच्या एका नोंदीत सेकंदाला ४,०९६ याप्रमाणे १,३१,०७२ आकडे असतात. प्रत्येकी आठ बाइट धरले तर सगळी नोंद सुमारे एक मेगाबाइट होते. नोबेल पारितोषिकाच्या संशोधनाची मूळ नोंद शाळेच्या डिस्कवर, श्रेय देऊन, उजळ माथ्याने ठेवता येते.

संग्रह जपावा कसा?

प्रत्येक फाइलीबरोबर चार गोष्टी वहीत लिहाव्यात : कर्ता, कुठून घेतली, कधी घेतली, परवाना कोणता. मराठी मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा. जुन्या खास फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाही. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत शाळेबाहेर असावी.

फाइल बदलली की नाही हे तपासण्यासाठी ‘एसएचए-२५६’ ही पद्धत आहे. कोणत्याही फाइलीपासून ती ६४ अंकाक्षरांचा ठसा काढते. एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो. सॉफ्टवेअर देणाऱ्या मूळ संस्थेने जाहीर केलेला ठसा आणि आपण काढलेला ठसा जुळला, तर वाटेत कोणी ढवळाढवळ केलेली नाही असे समजावे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एका लहान मजकूर-फाइलीचा ठसा मुलांना काढायला सांगा. मग तीत एकच काना वाढवून पुन्हा काढायला सांगा आणि दोन्ही ठशांतली किती अंकाक्षरे बदलली ते मोजायला लावा. त्यानंतर शाळेच्या डिस्कवरच्या वीस फाइली मुलांपुढे ठेवा आणि प्रत्येकीसाठी वहीतल्या चार रकान्यांपैकी किती भरता येतात ते पाहा. ज्या फाइलीचा एकही रकाना भरता येत नाही, ती ठेवायची की काढायची, हे मुलांनाच ठरवू द्या.