पंजाबातला ट्रॅक्टर लातूरपर्यंत स्वस्तात कसा आणायचा? भाड्याचं सगळं गणित

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

००:००

आजचा विषय वरून सोपा दिसतो. पंजाबात मोगा, तलवंडी साबो अशा गावांत जुन्या ट्रॅक्टरचे मोठे बाजार भरतात. मोबाईलवर रोज तिथले व्हिडिओ येतात. एका रांगेत शंभर ट्रॅक्टर उभे असतात, मालक किंमत सांगतो, आणि आपण इकडे लातूरमध्ये बसून हिशोब करतो: "अरे, हाच ट्रॅक्टर आपल्याकडे पाच लाखांना आहे, तिथे चार!"

एक लाख वाचला, असं वाटतं. पण ट्रॅक्टर मोग्यात आहे आणि शेत औसा तालुक्यात. मधे साधारण १,८०० किलोमीटर. तो एक लाख या १,८०० किलोमीटरमध्ये किती उरतो, हे आज बघू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. लांबच्या वाहतुकीत पैसा किलोमीटरमध्ये जात नाही. तो जातो रिकाम्या परत जाणाऱ्या गाडीत आणि उभ्या राहिलेल्या गाडीत. या दोन गोष्टी टाळल्या की भाडं आपोआप खाली येतं.

०१:४०: "चालवतच आणू की!"

हा पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो. ट्रॅक्टर चालतोय, मग ट्रकचं भाडं कशाला?

हिशोब करू. ट्रॅक्टरचा रस्त्यावरचा सरासरी वेग ताशी २२ किलोमीटर धरा. १,८०० भागिले २२, म्हणजे ८२ तास. रोज ८ तास चालवला तरी १० ते ११ दिवस. तासाला साडेतीन लिटर डिझेल धरलं, तर जवळपास २८७ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर २६,००० रुपयांच्या आसपास.

आता १४ फुटी ट्रक घ्या. लिटरला ८ किलोमीटर धरले, तर तेच अंतर तो २२५ लिटरमध्ये कापतो. म्हणजे २०,२५० रुपये. थोडक्यात, ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांवर आणण्यापेक्षा त्याला ट्रकच्या पाठीवर बसवून आणलं, तर डिझेल कमी लागतं! वरून दोन माणसांचं दहा दिवसांचं जेवण, मुक्काम आणि बुडालेली मजुरी वेगळी. मागच्या टायरची जाड नक्षी मातीसाठी असते, डांबरावर ती झिजते. रात्री हायवेवर मंद चालणारा ट्रॅक्टर म्हणजे जिवाशी खेळ. आणि एक्स्प्रेस-वेवर ट्रॅक्टरला मनाई असते, म्हणजे वळसे घालत या.

शंभरेक किलोमीटरपर्यंत चालवत आणणं ठीक आहे. त्यापुढे नाही. रेल्वेचं म्हणाल, तर कारखान्यातले नवे ट्रॅक्टर घाऊक संख्येने रेल्वेने जातात, पण एकट्या जुन्या ट्रॅक्टरसाठी तो मार्ग व्यवहार्य नाही.

०३:३०: रिटर्न भाडं म्हणजे नेमकं काय?

समजा तुम्ही मोग्यातल्या स्थानिक ट्रकवाल्याला विचारलं. तो लातूरला येणार, तुमचा ट्रॅक्टर उतरवणार, आणि परत जायला त्याला माल मिळेलच याची खात्री नाही. म्हणून तो दोन्ही बाजूंचा खर्च तुमच्याकडून धरतो. वरच्याच हिशोबाने नुसतं डिझेल ४०,५०० रुपये.

आता उलट बघा. आपल्याकडून उत्तरेला रोज माल जातो. जळगाव भागातली केळी, नाशिकची द्राक्षं, कांदा. यातल्या गाड्या दिल्लीला, लुधियानाला खाली होतात. त्या ड्रायव्हरला घरी यायचंच असतं. तो परतीच्या मालाची वाट बघत ट्रान्सपोर्ट नगरमध्ये उभा असतो, आणि उभं राहण्याचा प्रत्येक दिवस त्याचं नुकसान असतं. त्याला तुमचा ट्रॅक्टर म्हणजे घरी जायचं तिकीट. तो एकाच बाजूचा खर्च आणि थोडा नफा यावर तयार होतो.

म्हणून पहिला नियम: मोग्यात एमएच पासिंगची गाडी शोधा. लुधियाना तिथून सत्तरेक किलोमीटरवर आहे, तिथल्या ट्रान्सपोर्ट नगरमध्ये चौकशी करा. वाहकसारख्या ॲपवर लोड टाकता येतो. पण त्याहून चांगला मार्ग उलट्या दिशेचा आहे: आपल्याच तालुक्यातल्या ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा, "तुमची गाडी पंजाबला कधी जाते?" त्याला तुमचं गाव माहीत असतं, तुम्हाला त्याचं दुकान माहीत असतं. काही बिघडलं तर दारात जाऊन बसता येतं!

दुसरा नियम: घाई दाखवू नका. "आजच पाहिजे" म्हटलं की भाडं चढतं. "चार-पाच दिवसांत कधीही चालेल" म्हटलं की उतरतं. पण यासाठी ट्रॅक्टर फुकट उभा करायला जागा हवी. सौदा करतानाच विकणाऱ्याकडून कबूल करून घ्या की आठ दिवस ट्रॅक्टर त्याच्या आवारात राहील.

तिसरा नियम: जोडीदार शोधा. ४५ एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर साधारण साडेतीन मीटर लांब, म्हणजे साडेअकरा फूट. एकासाठी १४ फुटी गाडी पुरते. दोघं मिळून घेणार असाल तर २४ फुटी गाडीत दोन बसतात आणि भाडं वाटलं जातं. रुंदी मात्र टेपने मोजा. मागची चाकं बाहेरच्या बाजूला सरकवून बसवलेली असतील तर ट्रॅक्टर गाडीच्या बॉडीत अडकतो, आणि हे ट्रक दारात आल्यावर कळलं तर होल्टिंग तुमच्या माथी.

०५:३५: भाडं ठरवताना हे विचारा

"किती घेणार?" एवढंच विचारू नका. त्या आकड्यात टोल आहे का? चढवण्याची-उतरवण्याची हमाली कोणाची? एक दिवस उशीर झाला तर होल्टिंग किती? गाडी थेट येणार की वाटेत माल बदलणार? सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. बोलण्यातलं भाडं आणि उतरवतानाचं भाडं यांत फरक पडतो तो इथेच.

आता सावधगिरीचं. माझ्या मामांचा मध्यंतरी फोन आला. "अरे, एक जण बारा हजारात आणून देतो म्हणतोय. पाच हजार आधी मागतोय. टाकू का फोनपेवर?" मी म्हटलं, "मामा, थांबा. आधी गाडीचा नंबर मागा." नंबर आला. एम-परिवहन ॲपवर टाकला, तर ती निघाली मोटारसायकल.

गणित तर आपण आत्ताच केलं. नुसतं डिझेल वीस हजारांचं असताना बारा हजारांत कोणी आणत नाही. एकाच गाडीत दोन-तीन मालक असतील तर गोष्ट वेगळी, पण मग त्या दुसऱ्या मालकाशी बोलायला मिळालं पाहिजे. गाडीचा नंबर, फिटनेस, परमिट, विमा हे ॲपवर दोन मिनिटांत दिसतं. आगाऊ रक्कम द्यायची ती ट्रॅक्टर गाडीत चढल्यावर, डिझेलपुरती. बाकी उतरवल्यावर.

०७:००: इथे पैसे वाचवू नका

बिल्टी घ्याच, आणि तिच्यावर ट्रॅक्टरचा इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि खरी किंमत लिहून घ्या. कारण सांगतो. कायद्याप्रमाणे नोंदणीकृत वाहतूकदाराची नुकसानीची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. भाडं २५,००० असेल तर अडीच लाख. ट्रॅक्टर चार लाखांचा आहे, मग वरचे दीड लाख कोणाचे? म्हणून एका प्रवासापुरता ट्रान्झिट विमा विचारा. ट्रॅक्टरचा नेहमीचा विमा आणि हा विमा वेगळे असतात.

विकणारा जीएसटी नोंदणी असलेला डीलर असेल तर पक्कं बिल आणि ई-वे बिल घ्या. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे १,८०० किलोमीटरला नऊ दिवस. गाडी वाटेत बिघडली तर ही मुदत लक्षात ठेवा.

आता चढवणं. ट्रॅक्टरचं बहुतेक वजन मागे असतं. चढावर पुढच्या तोंडाने नेला तर पुढची चाकं उचलली जाऊन तो मागे उलटू शकतो. म्हणून उताराच्या फळीवरून चढवायचा तर रिव्हर्समध्ये, सगळ्यात हळू गिअरमध्ये, आणि मधे क्लच दाबायचा नाही. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात. ती पट्टी लावून एकत्र जोडली आहेत का, हे चढवण्याआधी बघा. फळीवर एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर वळून खाली येतो. सगळ्यात बरं म्हणजे धक्का गाठायचा, जिथे ट्रकचा फाळका आणि जमीन एका पातळीत येतात. मार्केट यार्डात, गोदामांजवळ असे धक्के असतात.

बांधताना दोर नको, साखळी. चार कोपऱ्यांना चार, पुढच्या दोन पुढे ओढणाऱ्या आणि मागच्या दोन मागे ओढणाऱ्या. साखळी पुढच्या एक्सलला आणि मागच्या एक्सलच्या हौसिंगला अडकवा. स्टिअरिंगच्या रॉडला किंवा हायड्रॉलिकच्या हातांना कधीच नाही, ते वाकतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक लावलेला, चारी चाकांना लाकडी ठोकळ्यांची उटी. बॅटरीची एक वायर काढून ठेवा. सायलेन्सरच्या तोंडावर डबा बांधा, पाऊस थेट इंजिनात जातो. हूड काढून वेगळं ठेवा. आणि पन्नासेक किलोमीटरवर पहिल्या ढाब्याला थांबून साखळ्या पुन्हा ताणा, कारण टायर दबले की त्या सैल पडतात. गाडी चालू असताना ट्रॅक्टरच्या सीटवर कोणीही बसायचं नाही, अगदी "लक्ष ठेवायला" सुद्धा.

निघण्याआधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. मीटरवरचे तास, टायर, दिवे, चेसिस नंबर सगळं दिसू दे.

०९:२०: सगळ्यात लांबचा प्रवास कागदाचा

ट्रॅक्टर चार-पाच दिवसांत येतो. कागद महिनाभर येत नाही, आणि इथेच बहुतेकांचा हिशोब फिसकटतो.

दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी पंजाबातल्या त्याच आरटीओची एनओसी लागते, जिथे तो ट्रॅक्टर नोंदलेला आहे. अर्जाचा नमुना २८. मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३०. ट्रॅक्टरवर बँकेचं कर्ज होतं का ते आरसीवर दिसतं. असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५.

यातलं काहीही तुम्ही लातूरहून एकट्याने करू शकत नाही. मूळ मालकाची सही लागते. पैसे पूर्ण मिळाल्यावर त्याला पुन्हा आरटीओत जायचा उत्साह किती असेल, तुम्हीच सांगा. म्हणून काही रक्कम एनओसी हातात येईपर्यंत राखून ठेवा, आणि हे सौद्याच्या कागदावर लिहा. आरसीवरचं नाव आणि समोर विकणारा माणूस एकच आहे का, हेही तिथेच बघा. मधे दोन दलाल असतील तर मूळ मालकाशी फोनवर बोलल्याशिवाय पैसे देऊ नका.

म्हणूनच खरीपासाठी ट्रॅक्टर हवा असेल तर मे महिन्यात निघून उपयोग नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. द्राक्षाच्या हंगामामुळे तेव्हा आपल्या गाड्याही उत्तरेला जास्त असतात.

११:००: मग जायचं की नाही?

कागद घ्या आणि दोन रकाने करा. एका बाजूला दोन ठिकाणच्या किमतींतला फरक. दुसऱ्या बाजूला हे: एका बाजूचं भाडं टोल-हमालीसह, दोन माणसांचं जाणं-येणं आणि राहणं, सोबत नेलेल्या मेकॅनिकचे पैसे, ट्रान्झिट विमा, एनओसी आणि नव्या नोंदणीचा खर्च. शिवाय आल्यावर लगेच निघणाऱ्या कामासाठी थोडी रक्कम. पंजाबातला ट्रॅक्टर भातशेतीच्या चिखलात चाललेला असू शकतो, त्यामुळे ब्रेक आणि पुढच्या एक्सलचे सील आधी तपासावे लागतात.

दुसरी बाजू मोठी निघाली तर प्रश्नच नाही. पण फरक दहा-पंधरा हजारांचाच उरत असेल, तरी माझं मत: जवळचा घ्या. कारण जवळच्या ट्रॅक्टरचा मालक ओळखीचा असतो, आरटीओ एकच असतो, आणि बिघाड निघाला तर संध्याकाळी जाऊन बोलता येतं. १,८०० किलोमीटरवरून आलेल्या ट्रॅक्टरसोबत ही सोय येत नाही.

फरक साठ-सत्तर हजार उरतोय, गावातले दोघं मिळून जाताय, एमएच पासिंगची गाडी ठरलीय, एनओसीची रक्कम राखलीय? मग खुशाल जा. फक्त गाडी कुठे उतरवायची ते आधीच ठरवा. मोठा ट्रक गल्लीत वळत नाही. तालुक्याच्या मार्केट यार्डातल्या धक्क्यावर उतरवा आणि शेवटचे वीस-तीस किलोमीटर मात्र ट्रॅक्टर चालवतच घरी न्या.

तुमच्यापैकी कोणी असा ट्रॅक्टर आणला असेल, तर भाडं किती पडलं आणि एनओसीला किती दिवस लागले, एवढे दोनच आकडे व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत हा भाग त्या मित्राला पाठवा, ज्याच्या मोबाईलवर रोज मोग्याचे व्हिडिओ चालू असतात!