दहावी राहिलीय? आधी ठरवा, सर्टिफिकेट कुठं दाखवायचंय

निपाणी, प्रतिनिधी : "दहावी राहून गेली. आता चाळिशीत जमेल का?" निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका असोत की बेळगावच्या उद्यमबागेत मशीनवर उभे राहणारे, हा प्रश्न दोन्हीकडं ऐकू येतो. उत्तर आहे, जमेल. पण 'यंदा दहावी, पुढच्या वर्षी बारावी, मग डिग्री' असा बेत केला की गाडी मध्येच अडकते. डोकं चालत नाही म्हणून नव्हे, हिशेब चुकतो म्हणून.

पहिला प्रश्न : कशासाठी?

आपल्याकडं हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा. निपाणी कर्नाटकात, पण शेजारच्या अर्जुननगरचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात. नोकरी कुठल्या बाजूला बघायची, त्यावर वाट ठरते. कर्नाटक सरकारची जागा असेल, तर कन्नड विषयाची अट आहे का, हे संबंधित कार्यालयात आधी विचारा. कागलच्या एमआयडीसीत काम किंवा आहे त्याच नोकरीत बढती हवी असेल, तर मालकाला कुठलं सर्टिफिकेट चालतं ते विचारा. फॉर्म त्यानंतर.

वाटा कोणत्या?

दहावीसाठी कर्नाटकात खासगी विद्यार्थी म्हणून एसएसएलसी देता येते. महाराष्ट्र बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. पण आपला पत्ता चालतो का, हे आधी विचारून घ्या.

तिसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. हे केंद्र सरकारचं बोर्ड. १४ वर्षांपुढे वयाची वरची मर्यादा नाही. आठवीचा दाखला नसला, तरी दहावीचा अभ्यास झेपेल असं स्वतः लिहून देता येतं. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. दहावीला मराठी माध्यम आहे.

मुख्य सोय पुढंच आहे. नोंदणी ५ वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा परीक्षा. पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. सुटलेला विषय जमा राहतो. जुन्या मार्कलिस्टवर पास असलेले जास्तीत जास्त दोन विषय अटींवर धरले जातात, म्हणून ती मार्कलिस्ट रद्दीत टाकू नका.

हंगाम बघून वेळापत्रक

ऊसतोड, वाहतूक किंवा कारखान्यात असलेल्यांना गळीत हंगाम संपेपर्यंत डोकं वर काढायला मिळत नाही. त्यांनी एप्रिलच्या मागं लागू नये. जून ते सप्टेंबर अभ्यास करून ऑक्टोबरला दोन विषय द्यावेत. घरी विड्या वळणाऱ्या बाईला हजाराचा हिशेब पुरा करायचाच असतो. तिनं रोज पाऊण तास धरावा, दोन तास नको. आठवड्याला सहा दिवस पाऊण तास म्हणजे महिन्याला साधारण १९ तास, सहा महिन्यांत ११० च्या पुढं. सुरुवात मराठी आणि सोप्या वाटणाऱ्या एका विषयानं करा. गणित-इंग्रजी डोक्यावर घेऊन सुरुवात केली की पुस्तक फळीवर जातं.

पुढचाही अंदाज घ्या. एनआयओएसमधून बारावीचं सर्टिफिकेट मिळायला दहावीनंतर किमान दोन वर्षं जावी लागतात. इग्नूची तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. म्हणजे आज शून्यातून निघालेल्या माणसाला डिग्रीपर्यंत सात-आठ वर्षं सहज लागतील. ऐकायला जास्त वाटतं, पण ती वर्षं अशीही जाणारच आहेत.

कागद आणि फसवणूक

लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, रेशनकार्डावर कन्नडमध्ये, टीसीवर मराठीत, आधारवर इंग्रजीत वेगळं स्पेलिंग, ही आपल्या भागातली नेहमीची अडचण. नावातला फरक फॉर्म भरण्याआधी दुरुस्त करून घ्या. अभ्यास केंद्र किती लांब, बस आहे का, तेही बघा.

'परीक्षेला न बसता पास, गॅरंटी' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. असं सर्टिफिकेट पडताळणीत अडकलं, तर पैसे जातात आणि नोकरीही.

या आठवड्यात दोनच कामं करा : जुना दाखला शोधा, आणि सर्टिफिकेट जिथं दाखवायचंय तिथं जाऊन एकदा विचारा. पुस्तक त्यानंतर उघडलं तरी चालेल.